पस्तीस मिलिमीटर खाली

गेल्या वर्षी भात झोडून झाल्यावर मी माझी चांगली चालणारी गाडी पस्तीस मिलिमीटर खाली बसवून घेतली. गाडीत बिघाड नव्हता, कुणी सुचवलं नव्हतं, आणि ज्या रस्त्यावरून ती रोज न्यायची होती तो रस्ता मला पाठ होता.

मी मुरबाडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. स्प्रिंगला किती वजन लावलं की ती किती ताणते, हा प्रयोग दरवर्षी मुलांकडून करून घेतो. आलेखाची रेघ सरळ आली नाही तर वही परत करतो. तेव्हा जे झालं ते अज्ञानातून झालं, असं म्हणायचीही सोय नाही.

गाडी दोन दरवाजांची, निळी, स्पोर्ट्स कार. माझ्याआधी दोन मालक बघितलेली. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला काहीतरी व्हायचंच असतं. कुणाला साखर होते, कुणी किल्ले चढायला लागतो, मला गाडी झाली. आमचं घर शेणव्याच्या पुढे, आतल्या रस्त्याला. तिथून मुरबाड आणि परत, रोज. सहा महिने सुखात गेले. मग एका रविवारी गाडी धुताना लक्षात आलं की चाकाच्या वर आणि मडगार्डच्या खाली माझी चार बोटं आडवी जातात. मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये लोकांच्या गाड्यांत दोनच बोटं जात होती. अशी मोकळी जागा एकदा दिसली की माणसाला दुसरं काही दिसत नाही. जेवताना ताटाखालीसुद्धा मला ती दिसायला लागली.

स्प्रिंगा मागवल्या. चार, लाल रंगाच्या, मूळच्यापेक्षा आखूड आणि कडक. विकणाऱ्याने लिहिलं होतं, रोजच्या वापरासाठी योग्य. कुणाच्या रोजच्या वापरासाठी, ते लिहिलं नव्हतं. खोकं कॉलेजच्या पत्त्यावर आलं आणि आमच्या शिपायाने ते सरळ प्रयोगशाळेच्या कपाटात नेऊन ठेवलं. मला म्हणाला, "सर, स्प्रिंगा आल्यात तुमच्या. पण ह्या ताणायला पोरं पैलवान लागतील."

मुरबाडच्या बाहेर, रस्त्याला लागून एक पाटेवाला आहे. टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टरची ट्रॉली यांच्या खाली जे लोखंडी पाटे असतात ते तो बसवतो. आमच्याकडे जो तो कंपनीने सांगितल्याच्या दुप्पट माल भरतो, म्हणून जो तो त्याच्याकडे येऊन एखादा पाटा वाढवून घेतो. वीटवाला घेतो, पेंढावाला घेतो, मंडपवाला घेतो. वीस-पंचवीस वर्षं हा माणूस मुरबाड तालुक्यातल्या गाड्या वर उचलतोय.

"किती उचलायची?" गाडीखाली डोकं घालूनच त्याने विचारलं.

"उचलायची नाही. खाली घ्यायची आहे."

डोकं बाहेर आलं. "ठोकलीत का कुठं?"

"नाही, नाही."

"मंग खाली कशाला?"

मी त्याला समजावून सांगितलं. गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर गाडी कलंडत नाही, रस्ता धरून राहते. त्याने तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं. वर्गात शेवटच्या बाकावरची मुलं ऐकतात तसं.

"गाडीनं रस्ता धरला तर बरंच हाय," तो म्हणाला, "पण रस्त्यानं गाडी धरली म्हंजे?"

तरी त्याने काम केलं. दुपारभर शिकंज्यात जुन्या स्प्रिंगा दाबून काढल्या, लाल बसवल्या, आणि काढलेल्या सुतळीने बांधून डिकीत टाकल्या. जाताना म्हणाला, "शॉक जुनेच हायत, ते हिला लांब पडतात. आणि नव्या स्प्रिंगा बसायला टाइम घेतात. आठ दिवस वजन पडू द्या."

त्याला म्हणायचं होतं, गाडी चालवत राहा. मी शब्दशः घेतलं. त्या दिवसांत पडवीत भाताची पोती रचलेली असतात. मागच्या सीटवर दोन टाकली, एक माझ्या शेजारी पुढे. त्या वजनाने गाडीला वाटलं, माणूस बसलाय. ती पट्टा लावा म्हणून टिंगटिंग करायला लागली. शेवटी मी पोत्याला पट्टा लावला. असा मी आठ दिवस मुरबाडला जाऊन येत होतो.

घर ते मुरबाड एकवीस गतिरोधक आहेत. चार सरकारी, बाकीचे गावकीचे. टेम्पोखाली कोंबडी गेली की गाव बसतं, ठराव होतो आणि मुरूम-सिमेंटचा एक उंचवटा रस्त्यावर येतो. बकरी गेली असेल तर जरा उंच येतो. उंचीवरून काय गेलं होतं ते ओळखता येतं. खाली बसवलेली गाडी अशा उंचवट्यावरून सरळ नेता येत नाही, तिरपी न्यावी लागते, एकेक चाक चढवत. मी गाडी आडवी घालून रस्ता अडवायचो आणि मागे एसटी थांबायची. एकदा कंडक्टरने खिडकीतून मान काढून विचारलं, "सर, गाडी पार्क करताय का? तर आमी जेवून घेतो."

हे सगळं माझं मला चालत होतं. पोट घासल्याचा आवाज आला की मी रेडिओ मोठा करायचो.

आठव्या दिवशी संध्याकाळी गाडी दारात लावून मी पाय धुवायला गेलो. बाबा ओटीवर बसले होते. परत आलो तर ते गाडीच्या खिडकीशी उभे राहून आत बोलत होते.

"उतरा की. पाव्हण्यानं असं गाडीत बसून ऱ्हायचं नाय. चा तरी घ्या."

पुढच्या सीटवर पट्टा लावलेलं भाताचं पोतं होतं.

आधी मी हसलो. मग बायको बाहेर आली, तिने बाबांकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, आणि मी हसायचं थांबलो.

बाबांचा डावा डोळा लहानपणीच गेला, झोडणीत भाताचं कुसळ लागून. राहिला उजवा. त्या एका डोळ्यावर त्यांनी पन्नास वर्षं बैल पारखले. म्हशाची जत्रा, म्हणजे बैलांचा मोठा बाजार, आली की चार गावची माणसं त्यांना न्यायला यायची. बैल उभा कसा राहतो, पाय कसा टाकतो, खांदा कुठे घासलाय, हे ते दहा हातांवरून बघायचे आणि मग जवळ जायचे ते फक्त दात मोजायला. आमची खाचरं डोंगराच्या पायथ्याला, एकाखाली एक. तिथे ट्रॅक्टर उतरत नाही. गेल्या पावसाळ्यात जोडीतला एक बैल पान लागून मेला. पान लागलं म्हणजे साप चावला. आमच्याकडे नाव घेत नाहीत. दुसरा तेव्हापासून गोठ्यात एकटा उभा. म्हशाला जाऊन त्याला जोड आणायची, एवढंच बाबा सहा महिने बोलत होते. मी एकदा म्हणालो, मी जाऊन आणतो. तर म्हणाले, "बैल दुसऱ्याच्या डोळ्यानं घ्यायचा नसतो."

आणि त्यांचा स्वतःचा डोळा पोत्याला चहा विचारत होता.

बायकोने दुसऱ्याच दिवशी त्यांना शहापूरला दाखवलं. मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करू, जत्रेपर्यंत डोळा कामाचा होईल. पण एकच डोळा आहे, त्याला नंतर काही झालं तर आपल्या हातात दुसरा नाही. मान खाली घालायची नाही, वाकायचं नाही, झटका बसू द्यायचा नाही.

घरी आल्यावर बायको मला म्हणाली, "तुमच्या त्या जुन्या स्प्रिंगा परत बसवून घ्या. ऑपरेशनच्या आधी."

मलाही पटलं. इतकं पटलं की मी लगेच पडवीत गेलो, तिथेच मी त्या डिकीतून काढून ठेवल्या होत्या. स्प्रिंगा नव्हत्या. त्यांच्या जागी एक निळी प्लॅस्टिकची बादली होती.

"ती सुतळीनं बांधलेली लोखंडं का?" बाबा ओटीवरून म्हणाले. "मला वाटलं जुन्या नांगराचं काय मोडकं हाय. परवा भंगारवाल्याला दिलं. बादली दिलीन त्यानं. बरी हाय, जाड हाय."

बायको म्हणाली, "मग जीप सांगा. दोन्ही वेळेला."

इथे शहाणा माणूस जीप सांगतो. मी म्हणालो, माझे वडील आहेत, माझ्या गाडीतून जातील. शिवाय शास्त्र सांगितलं. कडक स्प्रिंगांची गाडी डोलत नाही, म्हणजे त्यांचं डोकंही डोलणार नाही. आणि मी दहाच्या वेगाने नेईन. एवढं पटवून देण्याची सवय वीस वर्षांची आहे, समोरचा माणूस शेवटी गप्प बसतो. बायकोने वाद सोडला, पण म्हणाली, "मी मात्र जीपनं जाईन. कुणीतरी टायमावर पोचायला पायजे."

जाताना काही झालं नाही. बाबा गाडीत बसताना फक्त एवढंच म्हणाले की हे बसणं नाही, हे पडणं आहे. शेणव्यापर्यंत गाडीचा तळ दोनदा लागला. "कोण ओरडतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सायलेन्सर.

ऑपरेशन सकाळी झालं. दुपारी त्यांना बाहेर आणलं तेव्हा उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. डावा नव्हताच. म्हणजे दुसऱ्या दिवशी पट्टी निघेपर्यंत ते पूर्ण अंधारात. एक हात नर्सच्या खांद्यावर, दुसरा हवेत. नर्स त्यांना दारापर्यंत घेऊन आली आणि माझी गाडी बघून थांबली.

"ह्यात?" ती म्हणाली.

"हो."

"आजोबांनी मान खाली घालायची नाहीये, सर. ह्यात तर माझीच मान खाली जाईल."

मग तिनेच उपाय काढला. सीट मागे पूर्ण पाडली. बाबांना पाठमोरं उभं केलं, आधी बसवलं, मग हळूच मागे टेकवलं, मग पाय उचलून आत घेतले. गाडीत चढवण्यापेक्षा ते तिरडीवर निजवण्यासारखं जास्त दिसत होतं, पण मान ताठ राहिली. बायको हे सगळं रस्त्याच्या पलीकडून बघत होती. तिची जीप भरली. जाताना तिने माझ्याकडे बघितलं आणि हातातली औषधांची पिशवी फक्त दुसऱ्या हातात घेतली.

मी निघालो. पहिल्या गिअरमध्ये, दुसऱ्याच्या वर जायचंच नाही असं ठरवून. सायकली पुढे गेल्या. डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई बराच वेळ बरोबर चालली आणि मग पुढे गेली. बाबा छताकडे तोंड करून निजलेले, हात पोटावर.

"कुठं आलो?" ते मधूनमधून विचारत.

मी गाव सांगायचो.

"अजून तिथंच? बैलगाडीनं आणलं असतंस तर आतापर्यंत जेवाण झालं असतं."

शेणवा मागे टाकलं. गतिरोधक एकेक करून तिरपे ओलांडले. प्रत्येक वेळी श्वास धरायचो आणि चारही चाकं खाली आली की सोडायचो. एकही झटका बसला नाही. घर तीन किलोमीटरवर राहिलं. मी मनातल्या मनात बायकोला काय सांगायचं ते वाक्य जुळवायला लागलो. त्यात 'बघ' हा शब्द होता.

आमच्या गावाच्या अलीकडे डोंगराच्या कडेला एक वाडी आहे, वीस-पंचवीस घरांची. त्या दिवशी तिथे हळद होती. मंडप रस्त्याला लागून, आणि संध्याकाळी नाचायची जागा म्हणजे रस्ताच. पोरं नाचणार आणि टेम्पो येणार, म्हणून वाडीतल्या माणसांनी दुपारी मंडपाच्या अलीकडे रस्त्यावर मातीचा एक बांध घातला होता. सकाळी जाताना तो नव्हता. आता होता. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, शेताला घालतात तसा, ताजा आणि उंच.

थांबायला हवं होतं. पण मी एकवीस गतिरोधकांचा माणूस झालो होतो. गाडी तिरपी केली आणि हळूहळू चढवली. पुढचं एक चाक गेलं, दुसरं गेलं, पलीकडे उतरलं, आणि मग गाडी पोटावर बसली. माती मऊ होती, म्हणून धक्का बसला नाही. म्हैस चिखलात बसते तशी ती बसली. मागची चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडीच्या अंगाला एक बारीक थरथर आली. मी लगेच इंजिन बंद केलं.

"पोचलो?" बाबांनी विचारलं.

"जवळजवळ," मी म्हणालो.

मंडपातून माणसं आली. आधी पोरं, मग बाप्ये, मग बायका. कुणाच्या गालाला हळद, कुणाच्या हाताला. गाडीच्या भोवती उभं राहून त्यांनी आत बघितलं. डोळ्याला पट्टी बांधलेला म्हातारा उताणा निजलेला, आणि त्याच्या शेजारी घामाघूम झालेला मास्तर.

"धक्का मारू का, सर?" एकाने विचारलं.

"नको! धक्का नको. झटका बसता कामा नये. डोळ्याचं ऑपरेशन झालंय आजच."

"मंग उचलू. दहा जनं लागलो की उचलंल."

"उचलतानाही हलणार ना."

"मंग खालची माती काढू. फावडं आणा रे."

हे मला बरं वाटलं. खालून माती काढायची, गाडी आपोआप चाकांवर येईल. मी हो म्हणणार तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी पुढे आली. बारीक, काळी, दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीने पिवळे. तिने वाकून गाडीखाली बघितलं.

"माती काढलीस तर गाडी धप्पकन बसंल," ती मला म्हणाली. "ह्यो म्हातारा आत असताना. तू शिकवतोस ना रे पोरांना?"

मी म्हणालो, हो.

"आधी म्हातारा काढा," तिने बाकीच्यांना सांगितलं. "झोळी करा."

त्या वाडीच्या वर डोंगरात अजून दोन पाडे आहेत, तिथे रस्ता नाही. तिथलं माणूस आजारी पडलं की त्याला बांबूला गोधडी बांधून, झोळी करून खाली रस्त्यापर्यंत आणतात आणि गाडीत घालतात. हे मी लहानपणापासून बघितलेलं. गाडीतून काढून झोळीत घालताना मात्र मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि बहुतेक त्यांनीही पहिल्यांदाच केलं.

दोघांनी मंडपाचा एक बांबू सोडवला. कुणी गोधडी आणली. बाबांच्या बाजूचा दरवाजा मातीत रुतला होता, वीतभर उघडून अडला. तेवढीच माती हाताने ओरबाडून काढली. दोन दरवाजांच्या गाडीचा दरवाजा लांब असतो; हा तिचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. दुसरी एक गोधडी बाबांच्या पाठीखाली सरकवली. एकाने खांदे धरले, एकाने कंबर, एकाने पाय. आजी डोक्याशी उभी. तिने आपले पिवळे हात बाबांच्या दोन्ही कानांवर ठेवले, भरलेली घागर धरावी तसे, आणि म्हणाली, "आता."

बाबा बाहेर आले. मान तसूभरही हलली नाही.

"कोण गो तू?" बाबांनी विचारलं.

आजीने आपल्या घराचं नाव सांगितलं.

"मंजे तुझ्या नवऱ्याला मी बैल घेऊन दिला होता. तांबडा."

"लय वर्सं चालला तो," आजी म्हणाली. "आता बोलू नको. निज."

चौघांनी झोळी खांद्यावर घेतली. घर दीड किलोमीटर होतं. मला वाटलं होतं ते सावकाश जातील. सावकाश नाही, पण त्यांची पावलं एकदम पडत नव्हती. पुढच्याचं पाऊल पडलं की मागच्याचं उचललेलं असायचं, त्यामुळे झोळीला हेलकावा बसतच नव्हता. वर्गात मी याला कलांतर म्हणतो आणि फळ्यावर काढून दाखवतो. मी त्यांच्या मागून चालत होतो, हातात बाबांच्या चपला. वाटेत दोनदा खांदे बदलले. प्रत्येक वेळी चालत चालतच. कुणी कुणाला सांगितलं नाही.

बायको दारात उभी होती. जीपने येऊन तिला तास झाला होता. चार माणसांच्या खांद्यावर झोळी आणि मागून मी, हातात चपला, हे तिने लांबून बघितलं. जवळ गेलो तेव्हा तिने दाराची चौकट धरलेली होती.

"कोण हाय दारात?" झोळीतून आवाज आला. "सूनबाई, ह्यांना चा टाक. चार कप. मास्तरला नको."

ती आत गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. चहाचे पाच कप आले, पाचवा माझा, दुधाशिवाय.

नंतर मी वाडीवर परत गेलो. गाडी त्यांनी तोपर्यंत हातांनी उचलून बाजूला ठेवली होती, मंडपात नको असलेलं टेबल ठेवतात तशी. बांध पुन्हा नीट करून झाला होता. मी आजीला पैसे द्यायला गेलो. तिने हात मागे घेतले.

"हळदीच्या हातानं पैसं नको," ती म्हणाली. "उद्या लग्नाला ये. पन चालत ये."

गेलो, चालतच.

त्याच दिवशी सकाळी बायकोने जीप सांगितली होती. बाबा ड्रायव्हरशेजारी उंचावर ताठ बसले, मी मागे आडव्या फळीवर. शहापूरला डॉक्टरांनी पट्टी काढली तेव्हा आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे होतो. बायको ओठ हलवत होती. बाबांनी डोळा मिटला, उघडला, पाणी आलं, पुसू दिलं नाही. मग ते बराच वेळ डॉक्टरांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"त्याच्यावर बैल हाय," ते म्हणाले. "शिंग डावं खाली हाय त्याचं."

खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. मी जवळ जाऊन बघितलं. खरंच डावं खाली होतं.

"काल जाताना झटका वगैरे काही बसला नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय," बाबा म्हणाले. "मला झोळीतून नेला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही डोंगरात फार आत राहतो असं त्यांना वाटलं असावं. 

गाडी पुढे मी पाटेवाल्याकडे नेऊन लावली. तो मूळच्या स्प्रिंगा कुठे मिळतात का बघतोय. मिळेपर्यंत मी जीपने मुरबाडला जातो. पाटेवाला मला बघून हसत नाही, हेच जास्त लागतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र गाडी दाखवतो.

आणि म्हशाची जत्रा आली. बाबांनी काळा चष्मा लावला, नवं धोतर नेसलं. आम्ही जीपने गेलो. जनावरांच्या बाजारात धूळ इतकी की मला दहा पावलांवरचं दिसेना. बाबा रांगांमधून चालत होते, कुठे थांबत नव्हते. मधेच मान वळवायची, पुढे जायचं. मी मागून, हातात पाण्याची बाटली.

एके ठिकाणी मी थांबलो. बैल पांढराशुभ्र, बांधीव, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगुरमाळ, अंग तेल लावल्यासारखं चमकणारं. उभाही असा राहिला होता की येणारा-जाणारा वळून बघत होता. मी बाबांना हाक मारली. ते परत आले. बैलाच्या मागे गेले, पुढे आले, त्याला चार पावलं चालवायला सांगितलं. बैल चालला. बाबांनी चष्मा काढून एकदा त्याच्या गुळगुळीत, घट्टा नसलेल्या खांद्याकडे बघितलं, परत लावला, आणि पलीकडे बांधलेल्या एका मळकट, जाड पायांच्या बैलापाशी जाऊन त्याच्या ओठावर हात ठेवला.

पांढऱ्या बैलाचा व्यापारी हुशार होता. बाबांकडून काही होत नाही हे बघून तो माझ्याकडे वळला.

"तुमी बोला, साहेब. शिकलेलं माणूस दिसता. कसं वाटतंय जनावर?"

"रुबाबदार आहे," मी म्हणालो.

बाबा मळकट बैलाचे दात मोजत होते. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

"त्याला इचारू नको," ते व्यापाऱ्याला म्हणाले. "त्याला नुसता रुबाब कळतो. ओझं कळत नाय."